मुले कोणत्या शाळेत घातलीत?

गोमंतकातल्या कोणत्याही गावात नवे बिऱ्हाड उतरले की पहिल्या आठ दिवसांत शेजारपाजाऱ्यांकडून तीन प्रश्न हमखास येतात. मूळचे कुठले, मासळी खाता की नाही, आणि मुले कोणत्या शाळेत घातलीत? पहिले दोन प्रश्न ओळखीपुरते असतात. त्यांच्या उत्तराने फारसे काही घडत नाही आणि बिघडतही नाही. मासळीला न शिवणाऱ्या माणसालाही आमच्या गावांनी आजवर सुखाने नांदविले आहे. तिसरा प्रश्न वरकरणी तेवढाच साधा दिसतो, परंतु त्यामागे गावाने मनाशी मांडलेला एक हिशेब असतो. हे कुटुंब येथे राहावयास आले आहे की केवळ वस्तीला उतरले आहे, याचा अंदाज गाव त्या उत्तरावरून बांधते, आणि आमच्या अनुभवाप्रमाणे हा अंदाज सहसा चुकत नाही.

गेल्या पाच-सहा वर्षांत हा प्रश्न आमच्या किनारपट्टीवर वारंवार विचारला जात आहे. २०२० च्या महामारीत शहरांतील कचेऱ्यांना कुलुपे लागली, घरी बसून काम करता येते हे मालकांनाही उमगले आणि नोकरांनाही, आणि दिल्ली, मुंबई, बंगळूर येथील अनेक सुस्थित कुटुंबांनी बारदेश तालुक्याची वाट धरली. आसगाव, शिवोली, हळदोणे, साळगाव, मयडे या गावांतील वर्षानुवर्षे बंद पडलेल्या जुन्या घरांचे दरवाजे उघडले, कौले बदलली गेली, आणि अंगणात परराज्यांचे क्रमांक मिरविणाऱ्या मोटारी उभ्या राहिल्या. २०२३ च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्यावर हाच ओघ पेडणे तालुक्यातही वळला. याच्या जोडीला दुसरा एक ओघ आहे. तो जुना आहे, अधिक मोठा आहे आणि त्याच्याविषयी मासिकांतून सचित्र लेख येत नाहीत. उत्तर कर्नाटकातून, उत्तर प्रदेश-बिहारातून, झारखंड-ओरिसातून बांधकामावर, ट्रॉलरवर, हॉटेलांच्या मुदपाकखान्यात कामाला येणाऱ्यांचा तो ओघ होय. पहिल्यांच्या बंगल्यांवर आणि दुसऱ्यांच्या झोपड्यांवर आम्हां पत्रकारांची शाई पुष्कळ खर्ची पडली. या दोन्ही घरांतून रोज सकाळी पाठीवर दप्तर टाकून बाहेर पडणाऱ्या मुलाविषयी मात्र क्वचितच कोणी लिहिले आहे.

पाहुणा ही गोष्ट गोव्याला नवी नाही. १९६० च्या शिरगणतीत गोव्याची लोकसंख्या सुमारे ५ लाख ९० हजार होती; २०११ साली ती १४ लाख ५८ हजारांवर गेली. ही वाढ केवळ आमच्या घरांतील पाळण्यांनी झालेली नाही, हे सांगावयास संख्याशास्त्रज्ञ नको. परंतु या बाहेरून आलेल्यांपैकी कोण गावचे झाले आणि कोण वर्षानुवर्षे राहूनही ‘भायले’च राहिले, याचा शोध घेऊ लागले तर माग बहुधा शाळेच्या व्हरांड्यापर्यंत येतो.

मुक्तिपूर्व काळाचे उदाहरण घ्या. पोर्तुगीज सरकारला हिंदूंच्या मुलांना मराठी शिकविण्याची गरज वाटत नव्हती. त्याने आपली ‘इस्कोल’ उघडली होती आणि पुढे पणजीत लिसेंव होते. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर येथील हिंदू समाजाला थोडा मोकळा श्वास घेता आला, तरी मराठी शाळा चालविण्याचा भार त्याने आपल्याच खांद्यावर घेतला. पणजीत १९०८ साली मुष्टिफंड संस्था उभी राहिली ती या धडपडीतूनच. नावच पाहा ना! घरोघरच्या मूठमूठ धान्यातून शाळा चालावी ही कल्पना त्या नावात आहे. खेड्यापाड्यांतून शाळा भरे ती देवळाच्या अग्रशाळेत, नाही तर कुणा भाटकाराच्या सोप्यावर. आणि तेथे मुलांपुढे बसणारा मास्तर कोण असे? पुष्कळदा तो सावंतवाडीकडचा, वेंगुर्ल्याकडचा, मालवणाकडचा असे. म्हणजे सरहद्दीपलीकडून आलेला उपराच. गाव त्याला राहावयास खोली देई, तांदूळ-नारळ देई, वर्गणी जमेल तसा पगार देई. त्याची बायको गावच्या विहिरीवर पाणी भरी आणि त्याची मुले त्याच सोप्यावर, गावच्या मुलांच्याच ओळीत, पाटी घेऊन बसत. दहा वर्षांनी त्या मास्तराला कोणी बाहेरचा म्हटले असते तर गावानेच त्या माणसाला वेड्यात काढले असते.

१९६१ च्या १९ डिसेंबरनंतर हेच चित्र मोठ्या पटावर पुन्हा उमटले. १९६३ ते १९७३ या दहा वर्षांत दयानंद बांदोडकरांच्या राजवटीत गावोगावी, वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. जेथे इमारत नव्हती तेथे मांगर चालला, देवळाचा मंडप चालला. एवढ्या शाळांना मास्तर आणावयाचे कोठून? शेजारच्या राज्यांतून अनेक जण आले, आणि सरकारी कचेऱ्यांतून तर प्रतिनियुक्तीवर आलेल्या परप्रांतीयांची एवढी गर्दी झाली की त्यावरून त्या दशकात मोठे राजकारण पेटले. त्या रागाला कारणे होती. ती आम्ही आज नाकारणार नाही. पण गंमत अशी की कचेरीतल्या बाहेरच्या साहेबाविषयी जो कडवटपणा लोकांच्या मनात राहिला तो शाळामास्तराच्या वाट्याला त्या मानाने फार थोडा आला. साहेब पणजीला राही आणि मुले शिकावयास आपल्या गावी ठेवी. मास्तराने मुले बरोबर आणली होती.

आमच्या लोकांना हे दुसऱ्या टोकाकडूनही ठाऊक आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या मागोमाग गेलेली मराठी घराणी आज कित्येक पिढ्या तेथे नांदत आहेत. त्यांच्या मुलांनी देवघरात मराठी आणि गल्लीत हिंदी-गुजराती अशी दोन्ही पाण्यांत पोहण्याची सवय लावून घेतली. म्हणूनच त्यांचे मराठीपणही टिकले आणि इंदूरपणाविषयीही कोणाला शंका उरली नाही. फार लांब कशाला, गोव्यातील कित्येक कुटुंबे पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधाराने इंग्लंडातील स्विंडनसारख्या गावी गेली, ती शाळकरी मुलांना घेऊनच. तेथे त्यांनी काय केले? घराजवळच्या सार्वजनिक शाळेत मुलाचे नाव घातले. वर्ष उलटते न उलटते तोच ते मूल तेथल्या बोलीत भांडू लागले आणि आईबापांना टपालकचेरीत दुभाषी म्हणून उपयोगी पडू लागले. स्थलांतरित कुटुंबात नव्या भूमीचा पहिला नागरिक नेहमी मूलच असते. बाप नोकरीपुरता तेथला होतो, आई बाजारापुरती.

आता आपल्या गावांत आज काय दिसते ते पाहू. बंगल्यातील मूल सकाळी मोटारीत बसते आणि दहा-पंधरा किलोमीटरांवरच्या, भरपूर फी घेणाऱ्या, दिल्लीच्या वा परदेशच्या परीक्षामंडळाशी जोडलेल्या शाळेत जाते. तेथे त्याच्या बाकावर त्याच्यासारखेच नुकते आलेले दुसरे मूल असते. दुपारी ते परत येते तेव्हा गावची मुले शेतात नाही तर चर्चपुढच्या पटांगणावर फुटबॉल खेळत असतात. त्यांची नावे त्याला ठाऊक नसतात. तीन वर्षे गावात राहून ज्याला ‘खंय वता?’ या दोन शब्दांना उत्तर देता येत नाही असे मूल आमच्या किनारपट्टीवर दुर्मीळ राहिलेले नाही. यात त्या मुलाचा काहीही अपराध नाही. त्याला गाव दाखवावयासच कोणी नेले नाही. घरातून दिसणारे शेत, त्यापलीकडचा माड आणि त्यापलीकडचा समुद्र एवढाच गाव त्याच्या आईबापांनी विकत घेतला आहे.

या पालकांशी बोलले तर ते एकच अडचण पुढे करतात: माध्यम. गावातील सरकारी प्राथमिक शाळा मराठी नाही तर कोकणी माध्यमाची. आमचे मूल तेथे बसून काय करणार, असे ते विचारतात. ही अडचण खोटी नाही, पण ती त्यांना वाटते तेवढी मोठीही नाही. गोव्यातील शिक्षणाची घडी अशी बसली आहे की मातृभाषेचे माध्यम चालते ते मुख्यतः पहिली ते चौथीपर्यंत. पाचवीपासून जवळजवळ सर्वत्र इंग्रजीच माध्यम असते. तेव्हा बारा वर्षांचे मूल घेऊन येणाऱ्या पालकापुढे हा प्रश्नच उरत नाही. जवळच्या अनुदानित हायस्कुलात तो ते बिनघोर घालू शकतो. प्रश्न उरतो तो सहा ते दहा वर्षांच्या मुलाचा. त्या मुलाला मराठी किंवा कोकणी ज्या देवनागरीत शिकावी लागणार ती लिपी हिंदी भागातून आलेल्या मुलाला आधीच येते. शब्द राहतात. आणि सात वर्षांच्या मुलाला शब्द शिकावयास किती दिवस लागतात, हे ज्याने मुलांना खेळताना पाहिले आहे त्याला सांगणे नको. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही निदान पाचवीपर्यंत मातृभाषा वा परिसराची भाषा माध्यम असावी असेच म्हटले आहे. इंग्रजी हिंदुस्थानात कोणाला चुकलेली नाही; ती त्या मुलाला पाचवीतही मिळेल, पुढेही मिळेल आणि घरात तर ती आधीपासून आहेच. भातशेतीच्या बांधावरून शाळेत जाण्याची वर्षे मात्र चारच असतात.

येथवर वाचून आमचे गावकरी वाचक मान डोलावीत असतील तर त्यांनी क्षणभर थांबावे. आपली स्वतःची मुले आपण कोठे घातली आहेत? १९९० साली सरकारने प्राथमिक स्तरावर अनुदान हवे तर प्रादेशिक भाषेचे माध्यम हवे असा निर्णय घेतला, आणि चर्चच्या व्यवस्थापनाखालील शाळांनीही कोकणीचा स्वीकार केला. २०११ साली इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचे दार उघडले गेले, आणि त्या शाळा पुन्हा इंग्रजीकडे वळल्या. त्यावर केवढे मोर्चे निघाले, केवढी भाषणे झाली! मातृभाषेच्या व्यासपीठावरून गर्जणाऱ्यांतील कितीकांची नातवंडे त्याच सुमारास टाय बांधून इंग्रजी शाळेच्या बसची वाट पाहत उभी होती, याची मोजदाद आम्ही करणार नाही. ती करावयास बसले तर अग्रलेखाची जागा पुरणार नाही. ज्या शाळेवर आपला विश्वास नाही त्या शाळेत दिल्लीच्या पाहुण्याने मूल घालावे, ही अपेक्षा करण्याचा अधिकार आपणांस कितपत पोहोचतो?

मग या शाळा आज कोणाच्या जोरावर चालल्या आहेत? कोणत्याही निमशहरी भागातल्या सरकारी प्राथमिक शाळेचा हजेरीपट उघडून पाहावा. नाईक, गावकर, पार्सेकर यांच्या जोडीला, आणि कित्येक ठिकाणी त्यांच्याऐवजी, राठोड, लमाणी, यादव, निषाद अशी नावे ओळीने दिसतात. बाप गवंड्याच्या हाताखाली, आई चार घरची धुणीभांडी करणारी. घरात कानडी, लमाणी नाही तर भोजपुरी. वास्कोच्या परिसरात कानडी माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत. इतरत्र या मुलांना गावची शाळा हाच एक आसरा. ही मुले जूनमध्ये येतात तेव्हा बाईंचे एक अक्षर त्यांना कळत नाही. दिवाळीपर्यंत ती प्रश्नाला उत्तर देऊ लागतात, आणि शिगमो येईतो वाड्यावरच्या पोरांबरोबर घुमटावर हात मारू लागतात. दुपारच्या सुटीत स्वयंसाहाय्य गटाच्या बायांनी आणलेल्या पाव-भाजीवर ती जी तुटून पडतात ती पाहिली म्हणजे ही मुले गोव्याची झाली की नाही हा प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही. चवथीच्या सुटीत माटोळीसाठी घागऱ्या, कुड्याच्या शेंगा आणि तोरिंजन शोधत रान तुडवावे, आणि कोणत्या कुंपणावर काय मिळते हे तोंडपाठ असावे, हे ज्ञान आज आमच्या शिकल्यासवरल्या घरांतील मुलांपेक्षा या मुलांपाशी अधिक आहे असे एका शिक्षिकेने आम्हांस सांगितले, आणि ते सांगताना तिच्या आवाजात कौतुक होते तेवढाच विषाद होता.

कारण याच्या पुढची गोष्ट चांगली नाही. पटावर अशी नावे वाढली की गावातील उरलीसुरली कुटुंबे म्हणू लागतात, ती भायल्यांची शाळा झाली. आणि ती आपली मुले काढून घेतात. मग पट आणखी घसरतो, एका बाईंच्या हाती चार वर्ग येतात, कमी पटसंख्येच्या शाळांच्या विलीनीकरणाची फाइल शिक्षणखात्यात हलू लागते, आणि तेव्हा मात्र तीच कुटुंबे आमच्या पूर्वजांनी उभारलेली शाळा बंद पडू देणार नाही म्हणून निवेदनावर सह्या करतात. सह्या केल्याने शाळा चालत नाही. सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळांची हीच कथा आहे, आणि बेळगाव सीमाभागातील मराठी पालक आपल्या भाषेची शाळा टिकविण्यासाठी आज जे सोसत आहेत ते पाहिल्यावर तर हाती असलेली शाळा आपण कशी सोडून दिली, याचा जाब त्यांनीच आम्हांस विचारावयास हवा.

म्हणजे आज एका गावात तीन प्रकारची मुले आहेत. बंगल्यातले मूल एका बसमध्ये, गावकऱ्याचे मूल दुसऱ्या बसमध्ये, आणि मजुराचे मूल पायी, गावच्याच शाळेत. तिघे एकाच आळीत झोपतात आणि सकाळी तीन दिशांना जातात. वीस वर्षांनी ही तिघे प्रौढ होऊन ग्रामसभेत समोरासमोर उभी राहतील. तेव्हा डोंगर कापण्याचा प्रश्न असेल, खाजनाचा बांध फुटल्याचा असेल, विहिरीत आलेल्या खाऱ्या पाण्याचा असेल, आणि ज्यांनी एका बाकावर बसून कधी एकमेकांची पेन्सिल पळविली नाही अशा माणसांनी तो सोडवावयाचा आहे. आज ग्रामसभांतून जी कटुता दिसते, ‘तुम्ही कोण आम्हांला विचारणारे’ अशी जी भाषा ऐकू येते, ती केवळ जमिनीच्या भावामुळे आली असे ज्यांना वाटते त्यांनी ही तीन बसथांब्यांची गोष्ट ध्यानात घ्यावी.

येऊ पाहणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत, कारण पुष्कळांचे पाय येथेच अडखळतात. २०१० च्या एप्रिलपासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला सरकारी वा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा अधिकार आहे. आधीच्या शाळेचा दाखला यावयास उशीर झाला म्हणून प्रवेश अडविता येत नाही. जन्मतारखेचा पुरावा नाही म्हणूनही नाही. वर्ष सुरू झाल्यावर आला म्हणूनही नाही. मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळाला पाहिजे आणि मागे पडले असेल तर खास शिकवणी मिळाली पाहिजे. हा कायदा बंगलेवाल्यापेक्षा गवंड्याला अधिक उपयोगी आहे आणि नेमका तोच त्याला ठाऊक नसतो. मुख्याध्यापकांपैकीही कोणी कोणी तो सोयीस्करपणे विसरतात.

मोठ्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी. आठवी-नववीत राज्य बदलले की इंग्रजीच्या जोडीला कोणत्या भाषा घ्यावयाच्या हा पेच पडतो. काही शाळांत पोर्तुगीज किंवा फ्रेंच मिळते, बहुतेक ठिकाणी कोकणी, मराठी, हिंदी. शिवाय २०२५ साली सहावी ते दहावीचे वर्ग जूनची वाट न पाहता एप्रिलमध्येच भरविण्यात आले. तेव्हा मोठी मुले घेऊन येणाऱ्याने जूनच्या भरवशावर न राहता शाळेत आधी चौकशी करावी. आणि जे कायमचे राहावयाचे म्हणतात त्यांनी हेही जाणावे की गोव्यात सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, व्यावसायिक महाविद्यालयांतही वास्तव्याची वर्षे मोजली जातात. मूल सहा वर्षांचे असताना येथे आलेला बाप आणि ते सोळा वर्षांचे झाल्यावर आलेला बाप यांच्या पदरी सारखे माप पडणार नाही.

घराचा प्रश्न याहून बिकट आहे. किनाऱ्यालगतचे कित्येक घरमालक पावसाळ्यापुरते घर स्वस्तात देतात आणि ऑक्टोबर उजाडून पर्यटकांचा हंगाम सुरू झाला की भाडेकरूला दार दाखवितात. जूनमध्ये शाळेत घातलेले मूल मग सहामाही परीक्षेच्या तोंडावर दुसऱ्या गावी जाते. घरमालकांपैकी बरेच जण आमचे वाचक आहेत, म्हणून स्पष्टच लिहितो: शाळकरी मूल असलेल्या बिऱ्हाडाला वर्ष पुरे होण्याआधी उठविणे हा धंदा असेल, पण ते गावपण खास नव्हे.

आणि समुद्र. आतल्या प्रांतांतून आलेल्या मुलाला समुद्र म्हणजे मोठा तलाव वाटतो. किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमण्यास २००८ साली सुरुवात झाली, त्यामुळे कितीतरी जीव वाचले. तरी जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाण्यात उतरावयाचे नसते, ओहोटीच्या ओढीत पट्टीचा पोहणाराही आत खेचला जातो, खाजनाच्या मानशीजवळ भरती-ओहोटीच्या वेळी खेळावयाचे नसते, या गोष्टी खारव्याच्या पोराला कोणी वर्गात शिकविलेल्या नसतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला का ओढून ठेवल्या जातात हे त्याला बापाकडून कळते. नव्याने आलेल्या मुलाला ते कळावयाचे तर त्या खारव्याच्या पोराशी त्याची दोस्ती हवी. फलक वाचून मुले शहाणी होत नाहीत.

सरकारने काय करावे याची यादी देण्यात आम्हांस फारसा रस नाही. शाळांना पुरेसे शिक्षक द्यावेत आणि पट घसरला की कुलूप लावण्याआधी तो का घसरला याची चौकशी करावी, एवढे केले तरी पुष्कळ झाले. आम्हांस बोलावयाचे आहे ते गावाशी. शिक्षणहक्क कायद्यातच एक तरतूद अशी आहे की सरकारी आणि अनुदानित शाळेला एक व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, एकंदरीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ग्रामसभेत हात वर करावयाचा तर गावच्या मतदारयादीत नाव लागते. या समितीत बसण्यास शाळेच्या पटावर मुलाचे नाव असले की पुरे. म्हणजे दिल्लीहून आलेली, कायद्याचे इंग्रजी जाणणारी आई, विजापूरकडून आलेली धुणेवाली आई आणि सात पिढ्या गावात असलेली गावकरीण या तिघी एका बाकावर बसून शाळेच्या गळक्या छपराविषयी बोलू शकतील अशी जागा आमच्या गावात आजही आहे. ती कायद्याने दिलेली आहे, आणि बहुतेक ठिकाणी रिकामी पडून आहे.

बारदेशातील एखाद्या गावच्या पंचायतीने, भागशाळेने नाही तर देवस्थान समितीने एवढेच करून पाहावे: पहिलीच्या प्रवेशाआधी, मे महिन्यात, शाळेच्या पटांगणावर गावात राहणाऱ्या सर्व पालकांना बोलवावे. सर्व म्हणजे भाड्याने राहणाऱ्यांनाही, आणि बांधकामाच्या जागेवर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांनाही. बाईंनी आपले वर्ग दाखवावेत. पहिल्या बैठकीला फार कोणी येणार नाही. पहिलीत पाच मुले असलेल्या शाळेत त्यातून तीन नावे वाढली तरी पट आठवर जातो, आणि विलीनीकरणाच्या फाइलवर पुढच्या वर्षी निराळा आकडा लिहावा लागतो.